बरगडी, खुबा आणि चौथा मणका

९ फेब्रुवारी

डॉक्टर,

मायना वाचून कपाळावर आठी पडली असेल तर पडू दे. आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. आई गेल्यापासून तीन वर्षं आपण बोललेलो नाही, आणि एकदम गळ्यात पडायची मला सवय नाही. फोन करणार होते. पण मी ओरडले असते आणि तू गुळणी धरून बसली असतीस. पत्र बरं. त्यात ओरडलेलं ऐकू येत नाही.

कामाचं लिहिते. माझ्याकडे गाडी शिकायला एक बाई येतात, त्यांची मावशी आहे. सहा वर्षांपूर्वी मावशींच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. मग केमो, रेडिएशन, वर्षानुवर्षं गोळ्या, सगळं रीतसर. आता मावशींची कंबर दुखते. काम बसून करायचं, त्यामुळे बसल्यावर दुखलं तर समजू शकतं. पण आडवं पडलं तरी दुखतं, आणि कूस बदलली की अशी कळ येते की तोंडातून शिवीच बाहेर पडते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फिल्म खिडकीपाशी धरून म्हणाले, "एकदम स्वच्छ. बसण्याची पद्धत सुधारा, गादी बदला." मावशींनी गादी बदलली. नवी गादी जुनीपेक्षा कडक आहे, एवढाच फरक पडला.

तर प्रश्न असा, की एक्स-रे स्वच्छ म्हणजे माणूस स्वच्छ ना? तू तिकडे परदेशात दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची हाडंच बघतेस. एका शब्दात सांग, हो किंवा नाही. मावशींना लांबण लावलेलं खपत नाही.

इकडे ठीक. तुझे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायला रोज कुठल्या तरी इमारतीच्या डोक्यावर चढलेले असतात. मी गाडीत. उत्तर नाही आलं तरी चालेल.

ताई

(ताई लिहिलं कारण सही म्हणून दुसरं काही सुचेना. त्याचा फार अर्थ काढू नकोस.)


२७ फेब्रुवारी

बुटके,

माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस तरी तू बुटकीच, आणि आज तर त्याहून वाईट नाव द्यावंसं वाटतंय.

चार ओळींचं उत्तर. "एक्स-रे स्वच्छ असणं पुरेसं नाही. हाडाचा तिसरा हिस्सा, कधीकधी निम्मा, पोखरला जाईपर्यंत साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. मावशींना म्हणावं, कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाऊन बोन स्कॅन करून घ्या. आणि ताई, तुझी कंबर कधीपासून दुखतेय?"

चौथी ओळ वाचून मी कागद टेबलावर आपटला. लहानपणापासून तुझं हे असंच! समोरचा अब्रू सांभाळून आडून आडून काही विचारतोय, तर त्याला तसं विचारू द्यावं ना. बरं, मीच मावशी. झालं समाधान?

गेलेच होते आमच्या डॉक्टरांकडे. तू सांगितलंस म्हणून नव्हे, कंबरेनं सांगितलं म्हणून. डॉक्टर हसतमुख बाई आहेत, पण बोलताना हातचं राखून बोलतात. त्यांनीही बोन स्कॅनच लिहून दिला.

तुला त्यातलं सगळं माहीत आहे, पण तू कधी त्या फळीवर झोपली नसशील, म्हणून सांगते. सकाळी दंडात सुई टोचतात, त्यातून काहीतरी किरणोत्सारी आत सोडतात, आणि म्हणतात, आता बसा, पाणी प्या, लघवीला जा, पुन्हा पाणी प्या. आम्ही तिथे पाच-सहा जण बाटल्या घेऊन बसलो होतो, एखाद्या पाणी पिण्याच्या स्पर्धेला आल्यासारखे. ते औषध हाडांत जाऊन बसायला वेळ लागतो म्हणे. मग फळी. वरून कॅमेरा नाकाला चिकटेल इतका खाली आला आणि गोगलगायीच्या वेगानं पायाकडे सरकला. तिथल्या मुलीनं बजावलं, "आज लहान बाळांना फार वेळ जवळ घेऊ नका." शेजारच्यांचं नातवंड रोज संध्याकाळी माझ्या कडेवर असतं. त्या दिवशी ते हात पसरत राहिलं आणि मी दाराशी हाताची घडी घालून उभी राहिले.

आणि रिपोर्ट काय? तीन ठिकाणी उजळलेले ठिपके. उजवी बरगडी, डावा खुबा, कंबरेचा चौथा मणका. खाली लिहिलंय, "जुनी दुखापत, झीज किंवा कर्करोगाचे स्थानांतर यांपैकी काहीही असू शकते. इतर तपासण्यांशी ताडून पाहावे."

मी डॉक्टरांना म्हटलं, "काहीही म्हणजे?"

"म्हणजे तिथे हाड जास्त काम करतंय. का करतंय, ते हा स्कॅन सांगत नाही."

"मग कशासाठी काढला?"

"कुठे बघायचं ते कळावं म्हणून."

"डॉक्टर, चौकात आल्यावर शिकाऊ मुलगा मला विचारतो, मॅडम, डावीकडे की उजवीकडे? मी जर म्हटलं, 'डावीकडे वळण्याची शक्यता नाकारता येत नाही', तर मागच्या गाड्या आमचं काय करतील?"

त्या हसल्या. मला हसू येत नव्हतं. त्यांनी सीटी लिहून दिला.

'स्थानांतर' हा शब्द मी याआधी एकदाच वाचलाय. कुठे, ते तुला ठाऊक आहे. त्यावर इतकी वर्षं मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही, आता लिहिते. आईची मांडी दुखायला लागली तेव्हा तू सुट्टीवर आलीस, तुझ्या ओळखीच्या दवाखान्यात तिचा स्कॅन करवलास, फिल्म तूच बघितलीस. घरी येऊन म्हणालीस, "वयाचं दुखणं आहे." आणि विमानात बसून निघून गेलीस. मी मूर्ख! अख्खा हिवाळा आईला हाताला धरून जिने चढवले-उतरवले. "आई, हातपाय हलते ठेव. आई, आज एक फेरी जास्त." एक दिवस जिन्यातच, माझ्या हाताला धरलेलं असताना, तिची मांडी मोडली. नुसता पाय टाकला आणि कट्कन आवाज आला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी जुनी फिल्म मागवली आणि मला विचारलं, "हाडांत पसरलंय हे तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

तुला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिचा हात धरणारीला.

तुला उत्तर मागत नाहीये. राग अजून जिवंत आहे, एवढंच कळवते.

ताई


२० मार्च

बुटके,

सीटी झाला. बरगडीबद्दल म्हणतात, "जुने भरलेले फ्रॅक्चर असावे." खुब्याबद्दल, "झिजेमुळे असावे." मणक्याबद्दल, "निश्चित सांगता येत नाही, एमआरआय करावा." सगळा रिपोर्ट 'असावे' आणि 'करावा'. लहानपणी आपण तळ्यात-मळ्यात खेळायचो. मला वाटतं हे रिपोर्ट लिहिणारे अजून तेच खेळतायत, फक्त आता त्यांना पगार मिळतो. तू त्यांच्यातलीच, म्हणून मुद्दाम लिहिते.

एमआरआय मात्र पहिल्यांदा झालाच नाही. आधी दंडात सुई टोचून ठेवली, मग त्या नळीत मला डोक्याकडून सरकवलं आणि हातात रबरी फुगा दिला, भीती वाटली तर दाबा म्हणून. आधी वाटलं, यात काय घाबरायचं? माझा जन्म दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी बसण्यात गेला. मग ठोकायला सुरुवात झाली. डोक्याशी कुणीतरी पत्र्याचं पिंप बडवतंय असा आवाज, आणि छत नाकाच्या टोकावर. मी फुगा दाबला. तो फुटला नाही हे नशीब.

बाहेर काढल्यावर तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "काकू, अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं. तयारी चालली होती."

मी तिला म्हटलं, "तयारीच अशी, तर लग्न कसलं असेल?" आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. कंबरेसाठी नाही. चिडून रडले. माझंच शरीर, आणि आत काय चाललंय ते कळायला मला रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांग संपली की दुसऱ्या खिडकीकडे पाठवतात.

तू विचारलं होतंस, "भाऊजींना सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. त्यांना गेल्या वर्षी हृदयाचा त्रास झाला. एमआरआयच्या दिवशी मी परवाना कचेरीत जाते म्हणूनच घरून निघाले होते. त्या संध्याकाळी ते हात धूत मोरीशी उभे होते, पाठमोरेच. म्हणाले, "ही कुठली परवाना कचेरी, जिथून माणूस दंडाला चिकटपट्टी लावून येतं?"

मी बाही खाली ओढली.

"आणि त्या दिवशी बाळ तुझ्याकडे यायला रडत होतं. तू घेतलं नाहीस. तेव्हापासून वाट बघतोय, आज सांगशील, उद्या सांगशील."

"तुमच्या हृदयाला—"

"माझ्या हृदयाचं मी बघतो. ते माझ्याकडेच आहे."

मग आम्ही भांडलो. चांगलं कडाक्याचं. ते म्हणाले, "तुझ्या बहिणीनं जे केलं त्यासाठी तू तिचं तोंड बघत नाहीस, आणि माझ्याशी तू तेच करतेस?" मी म्हटलं, ते वेगळं होतं. ते म्हणाले, "काय वेगळं? सांग ना." मला सांगता येईना, म्हणून मी भाजी करपवली.

दुसऱ्या वेळी ते बरोबर आले. नातेवाइकाला आत बसता येतं, पण अंगावर धातू नको. तंत्रज्ञ मुलीनं खिसे रिकामे करायला सांगितले. तुझ्या भाऊजींच्या खिशांतून निम्मा कारखाना निघाला: पाना, पेचकस, नट, टेस्टर, एक बेअरिंग. ती मुलगी नुसती बघतच राहिली. मग ते आत पायाशी स्टुलावर बसले आणि ठोकाठोक चालू असेपर्यंत माझ्या पायाचा अंगठा धरून होते. मी फुगा दाबला नाही.

सगळा रिपोर्ट उतरवून देत नाही, त्यात तुला नवं काही नाही. एवढंच वाच: "चौथ्या मणक्याच्या आतल्या मज्जेत बदल. स्थानांतराची शक्यता आहे. तथापि रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ किंवा झिजेमुळे आलेली सूज हेही संभवते." तथापि! माणसाच्या आयुष्यात 'तथापि' घालायला यांना काहीच कसं वाटत नाही?

आता डॉक्टर पेट स्कॅन म्हणतायत. उपाशी बोलावून साखरेसारखं काहीतरी टोचतात, आणि जिथे जास्त साखर खाल्ली जाते तिथे उजळतं. मशीनं संपतील, पण यांचं वाक्य पुरं होणार नाही.

तू स्कॅनच्या डिस्क मागितल्या आहेस. "रिपोर्ट नको, चित्रं पाठव." पेट झाला की सगळ्या पाठवते. पण अट आहे. जे दिसेल ते मला सांगायचं, आधी मला. भाऊजींना नाही, डॉक्टरांना नाही. आणि असावे-नसावे करायचं नाही.

ताई


११ एप्रिल

बुटके,

काल फोनवर आपण इतकं बोललो आणि तरी मी लिहायला बसलेय. फोन ठेवल्यावर मी खोलीभर फेऱ्या मारत होते. भाऊजी म्हणाले, "बसून लिहून काढ, फरशी झिजेल." म्हणून लिहिते, तुझं-माझं बोलणं जसं झालं तसं. मला ते हातात धरून बघायचंय.

तू म्हणालीस, "ताई, बघितलं सगळं. तुलाच आधी सांगतेय."

"सांग."

"बरगडी विसर. गेल्या दीडेक वर्षात कधी आपटली होतीस?"

"एका शिकाऊनं गाडी खांबावर घातली होती. पट्ट्यानं आवळलं."

"ती तेव्हा मोडली. हाड भरत असतानाही स्कॅनमध्ये ठिपका येतो. खुबा म्हणजे निव्वळ झीज. वय झालंय तुझं."

"तुझंही होईल. मणका?"

तू बोलेनास. मी म्हटलं, "बुटके, गप्प बसायचं नाही. गप्प बसायचं नाही हं आता!"

"गप्प नाही बसले. शब्द शोधतेय. मला तो मणका आवडलेला नाही."

"म्हणजे काय? कॅन्सर आहे की नाही?"

"मला माहीत नाही."

खरं सांगते, त्या क्षणी फोन भिंतीवर फेकावासा वाटला. चार-चार मशीनं, आणि ज्या एका माणसाकडे मी शेवटी आले ती माझी सख्खी बहीणसुद्धा तेच म्हणते! तुझ्यावर मी काय काय ओरडले ते परत लिहीत नाही. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "पेटमध्ये तो थोडासाच उजळलाय. खूप उजळला असता तर मी सांगितलं असतं हो. अजिबात नसता तर कदाचित नाही म्हटलं असतं, तेही जपून. आत्ता अंदाजच करायचा तर साठ-चाळीस."

"साठ कुठल्या बाजूला?"

"वाईट."

"मग आता?"

"आता चित्रं पुरे. सुई घालून तिथला तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मी तुमच्या डॉक्टरांशी बोलते, तुझी हरकत नसेल तर. तू ऐकत असताना बोलते."

हरकत नव्हती. मला बरं वाटलं की वाईट, ते कळेना. आणि नेमकं तेव्हाच तू आईचा विषय काढलास.

"तिचं मला माहीत होतं, ताई. एका नजरेत. साठ-चाळीस नव्हतं. आणि तिनं माझा हात धरून शपथ घातली. म्हणाली, 'थोरलीला कळलं तर ती मला पलंगावरून उतरू देणार नाही. चार पावलं का होईना, मला तिच्याबरोबर चालायचंय. ती दिवसभर गाडीत असते, चालताना तरी माझ्याशी बोलते.' "

मी म्हटलं, "हे तीन वर्षांत सांगता आलं नाही?"

"तू फोन उचललास का?"

नाही उचलला. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही, हे मी तुला काल सांगितलं आणि आजही सांगते. कारण त्या चालण्याचा हट्ट आईचा असेल, पण तिच्या मांडीत सळई घालून हाड वाचवता आलं असतं, मोडण्याआधी. ते मी नंतर इस्पितळातच ऐकलं. मी तसं म्हटल्यावर तू म्हणालीस, "हो. घालता आली असती. मी तिला तेही सांगितलं होतं. ती नको म्हणाली, आणि मी तिचं ऐकलं. ऐकायला नको होतं." बस्, एवढंच. सारवासारव केली नाहीस.

आई माझ्याशी बोलायला मिळावं म्हणून जिने चढली. आणि मी तिच्याशी काय बोलायचे? त्या दिवशीचा शिकाऊ कसा गाढव होता, ते. ती हसायची. काल रात्रभर मला त्यातला एकेक गाढव आठवत होता.

सुई पुढच्या आठवड्यात.

ताई


२९ एप्रिल

बुटके,

तुला फोनवर सांगितलंच. तरी लिहिते, मला स्वतःच्या अक्षरात बघायचंय. चौथ्या मणक्यात कॅन्सर आहे. छातीतलाच, तिथे जाऊन बसलेला.

सुई घालताना पालथं झोपवलं होतं, सीटीच्या यंत्रातच, म्हणजे सुई नेमकी कुठे पोचली ते दिसत राहतं. जागा बधिर केली होती, तरी हाडाला भिडल्यावर दाब कळतो. घालणारे डॉक्टर म्हणाले, "जरा ठोकावं लागेल." मी म्हटलं, "ठोका. बाकी सगळ्यांनी ठोकून झालंय."

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. आमच्या डॉक्टर या वेळी खुर्ची पुढे ओढून बसल्या, तेव्हाच मला कळलं. म्हणाल्या, "पसरलंय. एका मणक्यात. बाकी कुठे दिसत नाही."

इतक्या दिवसांतलं पहिलं सरळ वाक्य. मी आत्तापर्यंत ज्याच्यासाठी डोकं आपटत होते ते मिळालं, आणि मिळाल्यावर वाटलं, कालचं 'तथापि' काय वाईट होतं?

तुझ्या भाऊजींनी विचारलं, "बरं होईल?"

"पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण ताब्यात ठेवता येतं. कित्येकांना वर्षानुवर्षं. गोळ्या बदलू, हाडं मजबूत करायची इंजेक्शनं देऊ, दुखतंय तिथे रेडिएशन देऊ."

ते "बरं" म्हणाले. मग पुन्हा "बरं." गाडीपर्यंत येईस्तोवर पाच-सहा वेळा म्हणाले असतील. गाडी मीच चालवली. घराच्या अलीकडे सिग्नलला हिरवा लागला तरी मी निघाले नाही. मागचा भोंगा वाजवत होता, आणि ते शांतपणे म्हणाले, "चौकात थांबणाऱ्याला तू काय म्हणतेस गं?" मी म्हटलं ते. ते लिहिण्याजोगं नाही. दोघंही हसलो, आणि मग हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही.

हाडांच्या इंजेक्शनच्या आधी दात तपासून घ्या म्हणतात, नाहीतर त्यानं जबड्याला त्रास होऊ शकतो म्हणे. म्हणजे अजून एक खुर्ची, अजून एक एक्स-रे. संताप येतो. माणसाला रडायला निवांत आठवडासुद्धा देत नाहीत.

तू येते म्हणालीस. आत्ता नको. मी नाही म्हणतेय ते रागानं नाही. आत्ता आलीस तर तू माझ्याकडे फिल्म बघितल्यासारखी बघशील. जरा माणसात येऊ दे.

ताई


१८ ऑगस्ट

बुटके,

रेडिएशननंतर दुखणं खूपच कमी झालं. कूस बदलता येते, शिवी न देता. गोळ्यांनी दमायला होतं, पण सकाळचे दोन शिकाऊ घेते. त्यातले एक निवृत्त गृहस्थ आहेत, गिअर बदलताना दर वेळी डोळे मिटतात. त्यांना ओरडल्यावर मला दिवसभर तरतरी राहते.

आता फोनवर सांगितलेलंच पुन्हा लिहिते, कारण राग अजून गेलेला नाही. उपचार लागू पडला का ते बघायला काल पुन्हा बोन स्कॅन आणि सीटी केला. बोन स्कॅनमध्ये चौथा मणका आधीपेक्षा जास्त उजळलाय. रिपोर्टात लिहिलंय, "आजार वाढल्याची शक्यता. तथापि बरे होणाऱ्या हाडामुळेही असे दिसू शकते."

बघ आता! वाढला तरी उजळणार, बरा झाला तरी उजळणार! मी डॉक्टरांपुढे रिपोर्ट आपटला. म्हटलं, "तुमचं हे मशीन आहे की आमची सासू? काहीही करा, चेहरा तोच." त्या म्हणाल्या, "पहिल्या काही महिन्यांत हे होतं. नवीन हाड भरायला लागलं की तेही हे औषध ओढून घेतं. नवीन ठिपका एकही नाही, दुखणं कमी आहे, रक्त चांगलं आहे. मी गोळ्या बदलणार नाही. नोव्हेंबरात पुन्हा बघू."

"नोव्हेंबरपर्यंत मी काय करू?"

"गाड्या शिकवा."

रात्री तुला फोन केला, तेव्हा मी पुरती तापलेली होते. तू सीटीची चित्रं मागवून बघितलीस आणि म्हणालीस, "मणका आधीपेक्षा पांढरा दिसतोय. तो भरत असावा असं मला वाटतं. पण ताई, मला माहीत नाही."

मी ओरडले नाही. तुला आश्चर्य वाटलं, कळलं मला. "आहेस ना लाइनवर?" असं विचारलंस. होते. मी विचार करत होते की तुला खोटं बोलणं किती सोपं होतं. 'भरतोय' एवढंच म्हणाली असतीस तर मी झोपले असते शांत. तू ते केलं नाहीस. तू म्हणालीस माहीत नाही, आणि मी रात्रभर जागी राहिले, तुला शिव्या देत. पण त्या शिव्यांत संशय नव्हता. आई गेल्यापासून तुझ्या नावानं मी इतकं काही बोलले असेन, त्यातलं एकही संशयाशिवाय नव्हतं.

वैताग गेलेला नाही. जाणारही नाही. दर तीन महिन्यांनी मला त्या फळीवर झोपायचंय, पाण्याच्या बाटल्या रिचवायच्यात, आणि कुणाच्या तरी 'असावे'वर पुढचा हंगाम काढायचाय. हेच आयुष्य असेल तर असो. मी त्याची तक्रार करणार, आणि तू ऐकून घेणार. धाकटीला दुसरं काय काम असतं?

पण एक ठरवलंय, ते सांगायला हे पत्र. नोव्हेंबरात ये. सुट्टी काढ. या वेळी डिस्क तुला आधी पाठवणार नाही, आणि तू मागायची नाहीस. स्कॅन झाला की डॉक्टरांच्या खोलीबाहेर ज्या निळ्या खुर्च्या आहेत तिथे तू, मी आणि तुझे भाऊजी बसू. तिथला चहा पाणचट आहे, तरी पिऊ. नाव पुकारलं की आत जाऊ. मागे उभी राहून त्यांच्या संगणकात डोकावायचं नाहीस. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचंस.

त्या जे सांगतील ते चांगलं असो, वाईट असो, नाहीतर पुन्हा तथापि. दोघींनी एकदमच ऐकायचं.

तुझी,
ताई